मन्मथअप्पांचा अजगराचा अभ्यास

पांढऱ्या रंगाचे प्रकार असतात, हे मला लातूरला आल्यावर कळलं. आमच्या लोहा तालुक्यातल्या गावात पांढरा म्हणजे पांढरा. मन्मथअप्पांच्या दुकानात मात्र दुधी, मोतिया, सायीचा, चुन्याचा, हस्तिदंती असे पांढऱ्याचेच गठ्ठे एका फळीवर बसलेले असत. त्यातला एखादा पीस शेजारच्या गठ्ठ्यात गेला तर अप्पांना घासात खडा लागल्यासारखं होई.

अप्पांचं गोलाईत, म्हणजे लातूरच्या गोल बाजारपेठेत, मॅचिंग सेंटर होतं. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, लेस. बुटका बांधा, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा. दुकानाचा एकच नियम होता: ट्यूबलाइटच्या उजेडात रंग ठरवायचा नाही. बाई साडी घेऊन आली की अप्पा तिला पायरीवर उभं करत, पदर उन्हात धरत, त्यावर पीस टाकत आणि एक डोळा मिटत.

"न्हाई जमलं, ताई. हा मेंदी हाय, तुमचा शेवाळी हाय. दोघांचं पटायचं न्हाई."

"चालतंय की अप्पा, कोण बघतंय?"

"तुम्हाला चालंल. मला झोप यायची न्हाई."

आणि पीस परत घडी होऊन फळीवर जाई. समोरच्या दुकानदाराचा निम्मा धंदा अप्पांनी परत पाठवलेल्या बायकांवर चालतो, असं काकू, म्हणजे अप्पांच्या पत्नी, म्हणत.

मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी, तीही प्राणिशास्त्रातली. नांदेडला शिकले आणि लातूरच्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला लागले. बाकीच्या खोल्यांत डॉक्टर व्हायला आलेली मुलं होती आणि खाली काकूंची मेस. मला आयुष्यात पहिल्यांदा 'मॅडम' म्हणाले ते अप्पा. मी जिना उतरू लागले की ते खुर्चीतून अर्धे उठत. मला फार संकोच वाटे. एकदा म्हटलं, "अप्पा, बसा ना. मी तुमच्या लेकीएवढी आहे."

"मी तुमच्यासाठी न्हाई उठत, मॅडम. शिक्षणासाठी उठतो. तुम्ही मधी येताव, त्याला माझा काय इलाज?"

अजगर त्यांच्या आयुष्यात आला तो एका रिकाम्या दुपारी. जावयानं दिलेल्या फोनवर ते सुरतेच्या कापडाचे रंग बघत बसत. मी क्लासवरून परत येताना त्यांनी दुकानातून हाक मारली.

"मॅडम, जरा हे बघा. हा पिवळा कुठल्या मिलचा असंल? असा पिवळा मी आजवर बघितला न्हाई."

पांढऱ्यावर लोण्यासारखे पिवळे पट्टे होते. काळ्याचा कुठं मागमूस नाही. मी फोन थोडा जवळ घेतला.

"अप्पा, हे कापड नाही. हा साप आहे."

अप्पांनी फोन हातभर लांब धरला. मग हळूहळू परत जवळ आणला. मी त्यांना सांगितलं की हा बॉल पायथन, आफ्रिकेतला लहानसा अजगर. विष नाही. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा चेंडू करतो. मूळचा तपकिरी-काळा असतो, पण पाळणारे लोक निवडून जोड्या लावतात आणि वेगवेगळे रंग काढतात.

"जोड्या लावून? म्हंजे मॅचिंग?"

"तसंच म्हणा."

"जित्या जनावरात?"

त्या दिवशी एक बाई जांभळ्या साडीवर वांगी रंगाचा पीस घेऊन गेली आणि अप्पांनी तिला अडवलं नाही. प्रकरण किती खोल गेलंय हे मला तिथंच कळायला हवं होतं.

थोड्याच दिवसांनी मेसमध्ये जेवताना त्यांनी विषय काढला.

"चार जोड्यांपासून सुरुवात करावी म्हणतो."

काकूंची पळी वरणात थांबली. "कशाच्या जोड्या?"

"अजगराच्या."

एका मुलाला ठसका लागला. काकू उंच, आवाज खणखणीत, आणि रागावल्या की हळू बोलत. त्या अगदी हळू म्हणाल्या, "ह्या घरात आजवर अंडं शिजलं न्हाई. ते खातंय काय?"

"उंदीर."

"उंदीर?"

"आपल्याला शिजवायचा कुठंय? ते कच्चाच खातंय."

"अहो, लिंगायताच्या घरात?"

"शंकराच्या गळ्यात काय हाय मग?"

"शंकराच्या घरी मेस न्हाई!"

हा वाद बरेच दिवस चालला. अप्पांनी सगळं वाचून ठेवलं होतं. आपल्याकडचा साप पाळता येत नाही, कायद्यानं गुन्हा आहे. हा परदेशी, नोंदणी करून पाळता येतो. दुकानामागच्या गोदामात ठेवीन, उंदराचं तिथंच बघीन, आंघोळ करून घरी येईन. शिवाय हे जनावर महिने महिने उपाशी राहतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त उपास करतं. काकू कशालाच बधल्या नाहीत. शेवटी एका संध्याकाळी अप्पा भाकरी मोडता मोडता, कुणाकडे न बघता म्हणाले, "दहावी झालो की बापानं दुकानात बसवलं. तवापासून दुसऱ्याच्या साडीला जुळवत आलो. एकदा आपला आपण रंग काढून बघावा वाटतंय. येवढंच."

काकूंनी वाढायची पळी खाली ठेवली. मग त्यांनी पदर खोचला.

"बरं. आणा."

सगळ्यांचे घास हातात राहिले.

"पन आधी परीक्षा. ह्या लातुरात मानसाचा डॉक्टर व्हायला पोरं रक्ताचं पानी करायलीत, अन् सापाची लेकरं काढायला परीक्षा न्हाई? मॅडम पेपर काढतील. पैकीच्या पैकी पडले तर आणा जोडी. एक मार्क कमी पडला, तर ह्या घरात अजगराचं नाव काढायचं न्हाई."

"काकू, किती अटेम्प्ट?" एका मुलानं विचारलं. लातुरात हा प्रश्न आपसूक येतो.

"सराव कितीबी करा. फायनल एकदाच."

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला बाजूला घेतलं. "पेपर अवघड काढ गं, पोरी. लई अवघड." मी दुकानावरून गेले तर अप्पांनी पायरीवर गाठलं. "मॅडम, पेपर सोपा नको हं. उद्या तिनं म्हणायला नको." एवढं एकमत मी त्या घरात पुन्हा कधी पाहिलं नाही.

अभ्यास दुकानातच सुरू झाला. आनुवंशिकता मी क्लासमध्ये रोज शिकवत होते, पण तिथं मुलांना उत्तर हवं असे. अप्पांना धडा हवा होता. मी आकृती काढायला लागले तर त्यांनी वही बंद केली आणि गल्ल्यावर ब्लाउजपीस मांडले. मग मीही तसंच सांगायला लागले. प्रत्येक अजगराकडे ह्या रंगाचे दोन पीस असतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्हींतला एक जरी तपकिरी असला तरी अंग तपकिरीच दिसतं. दोन्ही पांढरे आले, तरच पिल्लू पांढरं, फोनवर दिसलं तसं पिवळ्या पट्ट्यांचं.

अप्पांनी तपकिरी पिसाखाली पांढरा पीस सरकवला, वरून हात फिरवला.

"म्हंजे वरून तपकिरी, अन् आत पांढरं अस्तर."

"अगदी बरोबर."

"अन् असे दोन अस्तरवाले एकत्र आले, तर त्यांच्या पोटी पांढरं निघू शकतं."

"निघू शकतं."

अप्पा खुर्चीतून पूर्ण उठले. ह्या वेळी नक्कीच माझ्यासाठी नव्हते.

त्यानंतर त्यांना जिकडे तिकडे अस्तर दिसू लागलं. उदगीरला एका लग्नात घाऱ्या डोळ्यांचं बाळ बघून त्यांनी बाळाच्या दोन्ही आजोबांना बाजूला घेतलं आणि आनंदानं सांगितलं, "तुमच्याबी घरात लपलेलं हाय, अन् ह्यांच्याबी. तवाच हे बाहेर पडलं." लग्नाआधीपासून एकमेकांशी न बोलणारे ते व्याही त्या दिवशी पहिल्यांदा एक झाले, ते अप्पांना मांडवाबाहेर काढण्यासाठी.

सराव परीक्षा मेसमध्ये होत. पर्यवेक्षक काकू. त्या लसूण सोलत समोर बसत आणि अप्पांनी छताकडे पाहिलं तरी, "वर काय लिवलंय?" म्हणत. पहिल्या सरावात मी विचारलं होतं: आईबाप दोघंही अस्तरवाले, अंडी चार, पांढरी पिल्लं किती?

अप्पांनी लिहिलं, एक.

"नक्की एकच, अप्पा?"

"चारात एक म्हंजे एक. ठोकचा हिशोब हाय."

काकूंनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "आपल्याला चार लेकरं झाली. पोरगं-पोरगी निम्मं-निम्मं म्हणतेत. मग माझी दोन पोरं कुठं ठेवलाव?"

चारही मुलीच होत्या त्यांना. अप्पांनी पेन खाली ठेवलं. मी समजावलं की प्रत्येक अंड्याची चिठ्ठी वेगळी काढली जाते. आधीच्या अंड्यात काय निघालं हे पुढच्याला ठाऊक नसतं. चारांत एकही पांढरं न निघणं सहज शक्य आहे. आणि विषय निघालाच म्हणून, माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून काय येतं त्यावर ठरतं, हेही बोलून गेले.

काकूंचे हात थांबले. "कुणाकडून?"

"वडलांकडून, काकू."

"हे पुस्तकात छापलंय?"

"हो. अकरावी-बारावीलाच आहे."

काकूंनी लसणाची ताटली बाजूला सारली. "सासूबाई गेल्या आता. जरा आधी यायला पायजे होतीस, पोरी."

त्या दिवशी अप्पांच्या ताटात आलेल्या वरणातून ताटाचा तळ स्वच्छ दिसत होता.

पण त्या दिवसापासून काकू प्रत्येक तासाला येऊन बसू लागल्या. पहारा म्हणून, असं त्या म्हणत. एका नक्षीच्या अजगरांबद्दल मी वाचून दाखवलं की नक्षी फार देखणी, पण तिच्याबरोबर मान डुलण्याचा दोष येतो, तो काढून टाकता येत नाही. अप्पांनी आपल्या चार जोड्यांच्या यादीतून ती जोडी लगेच खोडली. "रंगासाठी कापड कच्चं घ्यायचं? न्हाई." काकू लसूण सोलता सोलता ऐकत होत्या.

फायनलच्या आधी अप्पांना जोडी प्रत्यक्ष बघायची होती. नांदेडला रोहित नावाचा एक तरुण, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेला, रीतसर नोंदणी करून बॉल पायथन पाळत होता. मुलगी बघायला निघावं तसे अप्पा, मी आणि बसू नावाचा त्यांचा पुतण्या असे तिघं निघालो. जीप बसूची. अप्पांनी धुवट नेहरू शर्ट घातला होता आणि बरोबर नारळ घेतला होता.

"अप्पा, नारळ कशाला?"

"पसंत पडली तर रिकाम्या हातानं यायचं का?"

बसू जीपमधून उतरलाच नाही. काचा वर करून बसला, एवढ्या उन्हात. आम्ही आत गेलो. भिंतीला मांडणी, मांडणीत प्लास्टिकचे ट्रे, प्रत्येक ट्रेवर नाव. अप्पांना आपल्या दुकानात आल्यासारखं वाटलं असावं. ते लगेच सैल झाले. रोहितनं तशीच एक पिवळ्या पट्ट्यांची मादी काढून दाखवली. जांभळट दिव्याखाली ती चमकत होती.

"आई दाखवा हिची," अप्पा म्हणाले.

रोहितनं आई दाखवली.

"वडील?"

"ते पुण्याला दिले, काका."

"म्हंजे बाप बघायला मिळायचा न्हाई. चुलते, मावश्या?"

"काका, साप आहे हो."

"म्हणूनच विचारायलोय. माणसाची सोयरीक असती तर गावात चार जणांला विचारलं असतं. ह्यांचं कुणाला विचारू?"

रोहित काही बोलायच्या आत अप्पांनी मादी दोन्ही हातांत घेतली आणि बाहेर चालू लागले. ट्यूबलाइटचा नियम इथंही लागू होता. गल्लीत उन्हात उभं राहून त्यांनी तिला जरा वर धरलं आणि एक डोळा मिटला. समोरच्या घरातली बाई बादली टाकून आत पळाली. बघता बघता गल्ली भरली. एक म्हातारा हात जोडून उभा राहिला, दोन पोरं जीपच्या टपावर चढली आणि आत बसू जोरात हॉर्न वाजवत सुटला.

"आत वाटत होता तेवढा पिवळा न्हाई," अप्पा रोहितला सांगत होते. "जुन्या पंच्यावर हळद सांडल्यावानी हाय. तुमचा दिवा रंग वाढवून दाखवायलाय."

तेवढ्यात हॉर्नच्या आवाजानं की गर्दीनं, मादीनं अंग आवळलं. डोकं आत गेलं, आणि अप्पांच्या ओंजळीत एक घट्ट चेंडू झाला. त्यांनी ओंजळ छातीशी घेतली, गर्दीकडे पाठ केली आणि भिंतीच्या सावलीत उभे राहिले. "घाबरलं ते," एवढंच म्हणाले. बसूला हॉर्न बंद करायला मी जाऊन सांगितलं. चेंडू सुटेपर्यंत अप्पा हलले नाहीत.

आत परत ठेवताना त्यांची नजर मांडणीच्या तळाला गेली. तिथल्या ट्रेंवर नावं नव्हती.

"हे कोण?"

"ते साधे, काका. तपकिरी. पांढऱ्यासाठी जोडी लावली की असे बरेच निघतात. ह्यांना कोण घेणार?"

"ह्यांना अस्तर असंल की."

"असेल, नसेल. बाहेरून सांगता येत नाही ना."

"मग ह्यांचं काय करतात?"

रोहित चांगला मुलगा होता. खोटं बोलला नाही. "अजून ठरवलं नाही, काका. कुणाला तरी देऊन टाकू. जागा पुरत नाही."

अप्पांनी नारळ दाराशी आलेल्या रोहितच्या आईच्या हातात दिला आणि पसंती-नापसंती काही न सांगता निघाले. घरी आल्यावर काकूंनी विचारलं तेव्हा मात्र सगळं सांगितलं. पिवळीचं थोडं आणि तळच्या ट्रेंचं पुष्कळ.

फायनल रविवारी सकाळी झाली. मुलांनी अप्पांना दही-साखर दिली, एकानं आपलं घड्याळ दिलं. मी पेपर खरंच अवघड काढला होता. अप्पांनी तो मान खाली घालून सोडवला. अस्तरवाला आणि पांढरा, अस्तरवाला आणि साधा, दोन रंग एकाच वेळी. कुठं अडले नाहीत. मी समोर बसून प्रत्येक उत्तर त्यांच्याबरोबर मनात सोडवत होते. हा माणूस पास होणार होता.

पेपर संपत आला तेव्हा काकू म्हणाल्या, "एक प्रश्न माझा."

"काकू, पेपर मी काढायचा ठरलं होतं," मी म्हटलं.

"घर माझं हाय." त्या अप्पांकडे वळल्या. "ल्हिवा. पांढऱ्यापायी जी तपकिरी निघतील, अन् ज्यांना कुणी नेणार न्हाई, त्यांचं काय करणार?"

अप्पांनी प्रश्न लिहून घेतला. दुकानात न खपलेल्या रंगांची टोपली ते दाराशी ठेवत, कटपीस म्हणून. त्यांनी उत्तरात 'कटपीस' लिहिलं. मग खोडलं. मग 'सगळी ठेवून घेणार' असं लिहिलं, बोटांवर काहीतरी हिशोब केला, तीस तीस वर्षं जगणारी जनावरं आणि स्वतःचं वय एकत्र धरून असावा, आणि तेही खोडलं. बऱ्याच वेळानं त्यांनी पेपर माझ्याकडे सरकवला. ती जागा कोरी होती.

मी तिथंच तपासला. बाकी सगळं बरोबर होतं.

"पैकीच्या पैकी?" काकूंनी विचारलं. त्यांचा आवाज खणखणीत नव्हता.

"न्हाई," अप्पांनीच सांगितलं. "नापास."

"अप्पा, रिपीट मारा!" एक मुलगा कळवळून म्हणाला. "मीबी रिपीटरच हाय!"

"ह्याला रिपीट न्हाई, बाळा," अप्पा म्हणाले आणि दुकान उघडायला गेले. रविवारी ते दुकान उघडत नसत.

त्यानंतर त्या घरात अजगराचं नाव कुणी काढलं नाही. मला पुढे नांदेडच्या एका महाविद्यालयात नोकरी लागली. निघताना अप्पांनी ब्लाउजपीस दिला, सायीच्या रंगाचा, आणि तो माझ्या साडीला का जातो हे पायरीवर उभं करून समजावलं.

वर्षभरानं असेल, एका सकाळी नांदेडला माझ्या दारात बसूची जीप थांबली. बसू ह्या वेळी खाली उतरून जीपपासून बराच लांब उभा होता. मागं अप्पा आणि काकू. काकूंच्या मांडीवर कापडी पिशवी, तोंड दोरीनं बांधलेलं.

"पेढे न्हाई आणले," काकू म्हणाल्या. "नापास मानसाचे कसले पेढे?"

"हे काय, काकू?"

"त्या रोहितला मीच फोन केला. म्हटलं, कुणी न नेलेला एक दे. नोंदणी माझ्या नावावर केली हाय. हे परीक्षा कुठं पास झाले?"

मी अप्पांकडे पाहिलं. ते लहान मुलासारखे पिशवीकडे बघत होते.

"पण काकू, तुम्ही तर..."

"अगं, हे रोज दुकानातून आले की त्या तळच्या डब्यांचंच बोलायचे. जेवले असतील का, उन्हाळा हाय, जागा केवढीशी. पांढऱ्याचं एकदा नाव काढलं असंल तर शपथ. नाव न काढायची अट ह्यांनी कधी पाळलीच न्हाई, फक्त मला ऐकू यील तेवढंच बोलायचे." त्यांनी पिशवीची दोरी चाचपली. "पन एकच. जोडी न्हाई."

"मॅडम," अप्पा पुढं झुकले, "ह्याचे आईबाप दोघंबी अस्तरवाले. म्हंजे ह्याला असायची शक्यता तीनात दोन. बरोबर ना?"

"बरोबर, अप्पा."

"पन जोडी लावल्याबिगर कळायचं न्हाई."

"न्हाई कळलं तर काय बिघडलं?" काकू म्हणाल्या. "चाळीस वर्सं झाली. तुमच्या पोटात काय हाय, ते मला तरी कुठं कळलंय?"

अप्पा माझ्याकडे बघून हसू लागले. चहाला मी खूप आग्रह केला. काकू म्हणाल्या, ऊन चढायच्या आत पोचायचंय, ह्याला सोसायचं न्हाई. बसूला कसंबसं समजावून चाकावर बसवलं. लोह्याच्या रस्त्याला वळताना गतिरोधकावर जीप उडाली, आणि मागच्या काचेतून मला दिसलं की दोघांनीही, बसू नीट चालव म्हणून एकदम ओरडत, पिशवी दोन्ही बाजूंनी उचलून धरली आहे.